साइजोच्या साके महोत्सवाला येताय? आधी पोटभर नाश्ता करा

ऑक्टोबरच्या जपान सहलीत एक दिवस आम्ही साइजोसाठी राखून ठेवतो. बुकिंग झालं की फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेले असतात: व्हेज मिळेल का, किती चाखायला मिळेल, बाटल्या घरी आणता येतील का. म्हणून हे पत्रक. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचा, फक्त पैसे भरणाऱ्याने नव्हे.

साइजो हे हिरोशिमा प्रांतातल्या हिगाशी-हिरोशिमा शहरातलं साकेचं, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचं, जुनं ठाणं. साकेसाठी प्रसिद्ध गावं म्हणून नादा, फुशिमी आणि साइजो ही नावं जपानी माणूस एका दमात घेतो. स्टेशनाबाहेर पडलं की थोड्याच अंतरावर पांढऱ्या भिंतींची आणि लाल विटांच्या धुराड्यांची वस्ती लागते. कामोत्सुरु, हाकुबोतान, फुकुबिजिन, कामोइझुमी असे नामांकित कारखाने तिथे चालत फिरण्याच्या अंतरात आहेत. महोत्सवाच्या शनिवार-रविवारी रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय जवळच्या बागेत तिकीट काढून आत जायचं मैदान असतं. तिथे देशभरातल्या शेकडो प्रकारच्या साके मांडलेल्या असतात आणि चाखायला हातात एक चिमुकला कप.

सगळा घोटाळा त्या कपाचा आहे. दोन घोटांचा कप आणि तांदळाची दारू, म्हणजे बिअरसारखी हलकी असणार, असं आपल्या माणसाला वाटतं. साकेत साधारण १५-१६ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या तिप्पट. पाणी न घातलेली 'गेन्शू' त्याहून कडक. चव मऊ, वास पिकल्या फळाचा आणि घशाला चटका नाही, त्यामुळे किती झाली ते कळत नाही. त्यात 'स्टॉलवरच खाऊ' म्हणून सकाळी नाश्ता टाळलेला असतो. स्टॉलपुढे रांगा लागलेल्या असतात, मग रांगेत उभं राहण्याऐवजी आणखी एक कप घेतला जातो. बारा वाजता मंडळी फुटपाथवर डोकं धरून बसतात. आमचा टूर लीडर त्यांच्याजवळ थांबतो आणि बाकीच्या ग्रुपची दुपार वाया जाते.

म्हणून आमचा क्रम पक्का आहे. हॉटेलवर नाश्ता झाल्याशिवाय कोणी निघायचं नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी आम्ही पुण्याहून नेतो, त्या याच सकाळसाठी. मग कारखान्यांचा फेरफटका, जेवण आणि त्यानंतर तिकिटाचं मैदान. 'तिकिटाचे पैसे घेतलेत, मग दुपारपर्यंत लटकवता कशाला?' असं काहीजण विचारतात. अहो, बघण्यासारखं तर सकाळीच असतं. कारखान्यांच्या विहिरींचं पाणी लोकांसाठी नळावर सोडलेलं असतं आणि गावातली माणसं कॅन घेऊन भरायला येतात. रिकामी बाटली जवळ ठेवा आणि तीच भरून घ्या. एक कप साके, मग तेवढंच पाणी, हा नियम आमचा नाही, जाणकार जपानी माणूसही असंच पितो. आणि पाण्याचं म्हणाल तर हिरोशिमाच्या साकेची सगळी गोष्टच पाण्याची आहे. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात साके नीट आंबत नाही असा समज होता. आकित्सू गावचे साके बनवणारे मिउरा सेन्झाबुरो यांनी मऊ पाण्याला जमेल अशी रीत बसवली आणि १८९८ मध्ये ती छापून सगळ्यांसाठी खुली केली. आमच्या मते असा व्यावसायिक विरळाच.

मैदानात सगळं चाखायचा अट्टहास नको. दोघांत एक कप घ्या. 'दाइगिंजो' या उंची साकेसाठी तांदूळ घासून निम्मा किंवा त्याहून कमी उरवतात. ती आधी चाखा, जीभ ताजी असताना.

खाण्याचं. मांसाहारी मंडळींची चंगळ असते. हिरोशिमाची थरांची ओकोनोमियाकी (तव्यावरचं जाड तिखट धिरडं), भाजलेली कालवं आणि इथली खास 'बिशूनाबे', म्हणजे साके, मीठ आणि मिरी एवढ्यावरच शिजवलेलं कोंबडी, डुकराचं मांस आणि भाज्या. शाकाहारींना मात्र स्पष्ट सांगतो, 'नो मीट' म्हटल्यावर स्टॉलवाला हसून तुकडे बाजूला काढून देईल, पण रस्सा आणि सॉस बहुधा माशाच्या अर्काचाच असतो. त्याला ते मांस वाटतच नाही. त्यांच्यासाठी उरतं ते एवढंच: मिठात उकडलेल्या एदामामेच्या (कोवळ्या सोयाबीनच्या) शेंगा, काडीवरचं चॉकलेट लावलेलं केळं, फार तर फ्रेंच फ्राइज. म्हणूनच दुपारच्या जेवणाचा व्हेज डबा आमच्याकडे असतो. बुकिंग करतानाच सांगा, आयत्या वेळी जास्तीचा डबा निघत नाही.

स्वतंत्र येणाऱ्यांनी 'हिगाशी-हिरोशिमा' नाव पाहून शिन्कान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट काढू नये. ते स्टेशन महोत्सवापासून लांब आहे. हिरोशिमाहून सान्यो लाइनची साधी लोकल धरा, साइजोला साधारण चाळीस मिनिटांत पोहोचाल. पिऊन सायकल चालवणंही तिथे गुन्हा आहे. दारू प्यायला वय २० पूर्ण हवं, त्यामुळे एकोणीस वर्षांच्या चिरंजीवांसाठी आमच्याशी घासाघीस करू नका. कचराकुंड्या शोधूनही सापडत नाहीत, पिशवी खिशात ठेवा.

बाटल्यांचं गणित सोपं आहे. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. ७२० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी घेतलीत की हद्द ओलांडली. पाश्चराइज न केलेली 'नामा' साके थंडच ठेवावी लागते, ती तिथेच प्या. बाकीच्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत जातील. बबल रॅप आणि चिकटपट्टी टूर लीडरकडे मागा, त्याचे पैसे नाहीत.