अंधारातल्या फोटोत आधी जनावराचा बांधा बघा

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरलगतच्या मिहान प्रकल्पाच्या परिसरात वाघ आला. २०२१ च्या उन्हाळ्यात बिबट्या थेट नागपूर शहरात शिरला. दोन्ही वेळी वनविभागाने ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले. अशा दिवसांत गल्लोगल्लीचे सीसीटीव्ही तपासले जातात आणि कुंपणावरून गेलेलं उदमांजरही मोबाइलवर बिबट्या म्हणून फिरू लागतं. लोक घाबरतात आणि वनकर्मचाऱ्यांची रात्र नको तिथे जाते. म्हणून रात्रीचा फोटो वाचायचा कसा, हे शहराला लागून जंगल असलेल्या आपल्यासारख्यांनी शिकून घ्यायलाच हवं.

ट्रॅप कॅमेऱ्यातला सेन्सर प्राण्याचा आकार ओळखत नाही. त्याच्या टप्प्यातून आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही सरकलं की तो कॅमेरा चालू करतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की जनावराचं अंग आणि तापलेली जमीन यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही. मग समोरून प्राणी जाऊनही फोटो निघत नाही. फोटो नाही म्हणजे प्राणी नाही, असं विदर्भाच्या उन्हाळ्यात तरी धरू नये.

रात्री हा कॅमेरा अवरक्त दिवे लावतो. तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फार तर दिव्यांवर पुसट लाली जाणवते. फोटो येतो तो काळापांढरा, आणि कातडीचा खरा रंग त्यात सापडत नाही. फार जवळ आलेलं जनावर तर पांढरंफटक दिसतं. डोळे चमकतात म्हणून ते हिंस्रच असेल, हा समजही सोडून द्या. डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. तो चितळाला असतो, गाईला असतो आणि बिबट्यालाही असतो. रानडुकराला मात्र तो नसतो, म्हणून त्याचे डोळे तसे झगझगत नाहीत.

माझ्या समोर एक फोटो आहे, उमरेडकडच्या जंगलातला, रात्री दोन वाजून चौदा मिनिटांचा. नाल्याकाठची पायवाट, डावीकडे सागाचं खोड आणि एक जनावर. त्याचं डोकं चौकटीबाहेर गेलंय. अंगावर उभे काळे पट्टे आहेत, त्यामुळे पहिला शब्द निघतो तो ‘वाघ’. आता पट्टे विसरून पाठीची रेघ बघा. खांद्यापाशी ती उंच आहे आणि तिथून कमरेकडे उतरत गेलीय, कारण पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा लांब आहेत. मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ आहे. शेपूट आखूड आणि झुपकेदार. वाघाची शेपूट लांब असते, तिच्यावर काळी कडी असतात आणि केसांचा झुपका नसतो. कान दिसले असते तर काम आणखी सोपं झालं असतं: वाघाचे गोल, तरसाचे टोकदार. पण पाठ आणि शेपूट एवढंच पुरेसं आहे. हे तरस आहे. उतरती पाठ रोह्याचीही (नीलगायीचीही) असते, पण त्याचे सडपातळ पाय आणि खूर पाहिले की शंका उरत नाही.

खरी कसोटी लागते ती लहान प्राण्यांत. रानमांजराचे पाय लांब, अंग जवळपास बिनठिपक्यांचं आणि शेपूट आखूड, टोकाकडे काळी कडी. उदमांजर बुटक्या पायांचं, अंगाएवढ्या लांब शेपटीचं. जवादी मांजराच्या अंगावर ठिपक्यांच्या रांगा असतात आणि शेपटीवर कडी, त्यामुळे घाईत त्याला बिबट्याचं पिल्लू ठरवलं जातं. पिल्लाचं डोकं गोल आणि तोंड आखूड असतं, जवादीचं तोंड निमुळतं. कोल्हा आणि खोकड यांतही शेपूटच कामाला येते: खोकडाची शेपूट शरीराच्या मानाने बरीच लांब आणि दाट असते.

वाघाच्या बाबतीत मात्र हाच काळापांढरा फोटो कमालीचा उपयोगी पडतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि ते जन्मभर बदलत नाहीत. १९९० च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत याच आधारावर वाघांची संख्या काढण्याची पद्धत रुजवली. यात एक अडचण असते, ती बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एका रात्री डावी कूस मिळाली आणि दुसऱ्या रात्री उजवी, तर तो एकच वाघ की दोन, हे सांगता येत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. वाघांचे त्यात होते ७६,६५१. त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले.

ताडोबात २०१८ मध्ये काळा बिबट्या दिसला होता. दिवसा अशा बिबट्याचे ठिपके काळ्या रंगात बुडून जातात, पण अवरक्त उजेडात ते उमटतात. मलेशियातल्या संशोधकांनी कॅमेऱ्यांना दिवसाही रात्रीसारखेच फोटो काढायला लावून काळे बिबटे एकेक करून ओळखले. रंग हरवल्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

चालत्या जनावराचा फोटो रात्री अस्पष्ट येतो. ठिपके ओढले जाऊन पट्ट्यांसारखे दिसतात किंवा पार पुसले जातात. असा एकच फोटो घेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. पुढचे-मागचे सगळे फोटो एकत्र बघा. तरीही ठरत नसेल तर नोंदीत ‘ओळख पटली नाही’ असं लिहा. तीही पूर्ण नोंदच असते.

आकाराचा अंदाज तर सर्वांत जास्त चुकतो, कारण कॅमेऱ्याजवळचं मांजर आणि दूरचा बिबट्या चौकटीत सारखेच मोठे दिसतात. घराजवळच्या सीसीटीव्हीत काही संशयास्पद दिसलं, तर ते खरोखरच मोठं जनावर असू शकतं, म्हणून आधी वनविभागाला कळवा. त्यांची माणसं पोचल्यावर, दिवसाउजेडी, जनावर जिथे उभं होतं नेमक्या त्याच जागी एक मीटरची काठी उभी धरा आणि त्याच कॅमेऱ्यातून फोटो घ्या. कॅमेरा मात्र जराही हलवू नका. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की खांद्याची उंची सरळ मोजता येते. वाढलेल्या बिबट्याचा खांदा काठीच्या अर्ध्याच्या वर जातो, रानमांजराचा अर्ध्याच्या बराच खाली राहतो.