खपलीतला धागा आणि मातीतला जीवाणू

ढोपर फुटलं की आमच्याकडे हळद दाबून जुन्या धोतराची पट्टी बांधायचे. दोन दिवसांनी ती सोडताना खपलीत दोन-चार सुती तंतू रुतलेले असायचे. ओढले की कळ यायची, कारण लस त्यांच्याभोवतीच सुकलेली असे. तंतू चामडीतून उगवलेत असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. पट्टी डोळ्यांसमोर होती ना!

पट्टी बांधलेलीच नसेल आणि तरीही फोडातून निळे, लाल, काळे धागे निघाले तर? २००२ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका आईने आपल्या लहान मुलाच्या बाबतीत नेमकं हेच सांगितलं. डॉक्टरांना काही सापडेना. तिने मग स्वतःच या त्रासाला नाव दिलं, ‘मॉर्गेलन्स’. सतराव्या शतकातले इंग्लिश वैद्य सर थॉमस ब्राऊन यांनी फ्रान्समधल्या मुलांच्या पाठीवर उठणाऱ्या राठ केसांचा उल्लेख या नावाने केला होता. दोन्हींचा संबंध असल्याचा पुरावा नाही, पण नाव चिकटलं. पुढे हजारो लोक म्हणू लागले, आम्हालाही हेच होतंय: अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं, फोड भरत नाहीत, त्यातून धागे येतात, थकवा जात नाही.

आता मातीकडे वळू. गुलाबाच्या झाडाला कधीकधी बुंध्याशी, मातीच्या जरा वर, खडबडीत लाकडी गाठ येते. ती अॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूची करामत. झाडाला जखम झाली की तिथून काही रसायनं पाझरतात, त्यांच्या वासाने म्हणा हवं तर, हा जीवाणू तिकडे सरकतो. पेशीला चिकटतो आणि आपल्याजवळच्या डीएनएचा एक तुकडा थेट झाडाच्या गुणसूत्रात घुसवतो. त्या तुकड्यावर दोन हुकूम लिहिलेले असतात: वाढत राहा, आणि माझ्या खाण्यापुरतं खास अन्न बनव. झाड बिचारं दोन्ही पाळतं. १९७० च्या दशकात हा डाव उलगडला आणि पुढे शास्त्रज्ञांनी जीवाणूच्याच हातून आपल्याला हवे ते जीन पिकांत पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसातला पहिला जीनही याच वाटेने कापसात गेला होता. त्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्याने याचं नाव ऐकलं नसलं, तरी त्याचं काम शेतात पाहिलंय.

मॉर्गेलन्सच्या बाबतीत अशा घुसखोराकडे संशयाची सुई वळणं साहजिक होतं. त्यात २००१ मध्ये एका प्रयोगात या जीवाणूने प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेला या मानवी पेशींतही डीएनए घातल्याचं दिसलं. त्या संशोधनातले न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाचे विताली सितोव्स्की २००७ मध्ये मॉर्गेलन्सच्या एका प्राथमिक अहवालातही सहभागी होते. थोड्याशा रुग्णांच्या त्वचेच्या नमुन्यांत अॅग्रोबॅक्टेरियमचे जीन सापडले, निरोगी लोकांच्या नमुन्यांत नाहीत. आणखी एक योगायोग असा, की झाडाला घट्ट धरण्यासाठी हा जीवाणू सेल्युलोजचे, म्हणजे कापूस ज्याचा बनलेला असतो त्याच पदार्थाचे, तंतू विणतो. सेल्युलोज, तंतू, फोड! गोष्ट इतकी छान जुळते की मलाही पहिल्यांदा वाचताना ती खरी असावीशी वाटली होती. जनुकबदल केलेल्या पिकांच्या विरोधकांनी तर ती लगेच उचलली.

पण जीवाणूचे ते तंतू इतके बारीक असतात, की नुसत्या डोळ्यांना एकही दिसणार नाही, निळा-लाल ओळखणं तर दूरच. शिवाय डीएनए पोचवायची त्याची यंत्रणा थंड मातीसाठी घडलेली आहे. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या वर ती ढेपाळते आणि आपलं अंग असतं ३७ अंशांचं. माणसाला त्याचा संसर्ग होतो, पण क्वचित, तोही बहुधा प्रतिकारशक्ती खचलेल्या आणि नसेत नळी घातलेल्या रुग्णाला. तेव्हा ताप येतो, धागे नाही. राहिला प्रश्न नमुन्यात जीन सापडण्याचा. पीसीआर ही तपासणी चिमूटभर डीएनएही पकडते. उघड्या, खाजवलेल्या फोडावर मातीतले जीवाणू बसणारच. ते सापडले म्हणजे फोड त्यांनीच केला असं होत नाही. माशी गुळावर बसलेली दिसली म्हणून गूळ माशीने केला म्हणायचं का?

२००८ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने उत्तर कॅलिफोर्नियात तपास सुरू केला, निष्कर्ष २०१२ मध्ये छापले. ११५ रुग्ण सापडले, म्हणजे लाखात चारपेक्षा कमी. तीन चतुर्थांशांहून जास्त बायका, मधलं वय ५२. मातीतून येणारा आजार एखाद्या भागात एकवटलेला दिसावा, अशी अपेक्षा करता येते. इथे तसं काही आढळलं नाही. कुठलाही समान संसर्ग मिळाला नाही. धागे बहुतांश सेल्युलोजचे, बहुधा कापसाचे, म्हणजे कपड्यांचेच. पुढे काही संशोधकांनी गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराच्या जीवाणूकडे बोट दाखवलं, तोही दावा सर्वमान्य झालेला नाही.

मातीतून त्वचेचे आजार होतच नाहीत असं नव्हे. ‘मदुरा फूट’ घ्या. अनवाणी शेतात काम करणाऱ्याच्या पायात काटा मोडतो, महिन्यांनी पाय सुजतो, भोकं पडतात, त्यातून पुवाबरोबर बारीक दाणे येतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हॅनडाईक कार्टर यांनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात बुरशी पाहिली. काही रुग्णांत हेच काम मातीतले जीवाणू करतात, हे पुढे कळलं. दाणा काढून काचेच्या बशीत वाढवता येतो, जीवाणू असतील तर प्रतिजैविकाने पाय बरा होतो. मॉर्गेलन्समध्ये अशी साखळी कुणालाच जोडता आलेली नाही.

याचा अर्थ रुग्ण खोटं बोलतात असा नाही. खाज खरी असते, फोड खरे असतात, रात्रभर झोप नसते तीही खरी. बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ हा त्रास ‘अंगात किडे शिरल्याच्या भ्रमा’च्या जवळचा मानतात. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून वाटेला लावलं, की माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, मग तिसऱ्याकडे. असे रुग्ण येताना पुरावा घेऊन येतात, काडेपेटीत, कागदाच्या पुडीत. वैद्यकात या खुणेला ‘काडेपेटीची खूण’ असं नावच पडलंय. शहाणा डॉक्टर ती पेटी बाजूला सारत नाही. त्यातला धागा उचलून काचेवर ठेवतो, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतो आणि रुग्णालाच म्हणतो, बघा जरा. कापसाचा तंतू तिथे चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो.