परगावच्या माणसाची पत

८ ऑगस्ट १९८७ रोजी चीनमधल्या हांगझोऊ शहरात, वुलिन चौकात, ५ हजारांहून जास्त जोड बूट जाळले गेले. सगळे वेन्झोऊ या शहरातले. चामड्याचे म्हणून विकलेल्या त्या बुटांत पुठ्ठा निघत होता आणि काही दिवसांतच ते उसवत होते. ‘इथे वेन्झोऊचे बूट मिळत नाहीत’ अशा पाट्या दुकानांवर लागल्या. वेन्झोऊत चोख काम करणारे कारागीरही होते. त्या पाट्यांनी त्यांचाही माल परत पाठवला.

अर्थशास्त्रात याला सांख्यिकी भेदभाव म्हणतात. समोरच्या माणसाची काहीच माहिती नसली, की त्याच्या मुलखाविषयी जे कानावर आलेलं असतं तेच आपण त्याच्या नावावर मांडतो. स्थलांतरित मजुराला याचा जाच होतोच, पण परमुलखात धंदा उभा करणाऱ्याला जास्त होतो. मजूर आधी राबतो, मग पैसे घेतो. धंदेवाल्याला मात्र सुरुवातीलाच दुसऱ्यांनी काही द्यावं लागतं: मालकाने गाळा, घाऊक व्यापाऱ्याने उधारीवर माल, बँकेने कर्ज. तिघांच्याही मनात एकच शंका असते, हा उद्या गाशा गुंडाळून गावी निघून गेला तर? त्यात आणखी एक गुंता आहे. अविश्वासामुळे नोकरी मिळत नाही म्हणूनही काही जण हातगाडी लावतात. म्हणून परप्रांतीयांची दुकानं नुसती मोजून काही कळत नाही. भांडवल कुणी दिलं, हे विचारायला हवं.

मुलखामुलखातला विश्वास ढोबळमानाने मोजता येतो. २००० साली चीनमध्ये हजारो कंपन्यांच्या प्रमुखांना विचारलं गेलं, की तुमच्या अनुभवात कोणत्या पाच प्रांतांतले उद्योग सर्वांत विश्वासू? त्या उत्तरांवरून झांग वेइयिंग आणि के रोंगझू या अर्थतज्ज्ञांनी प्रांतांची क्रमवारी लावली. शांघाय सर्वांत वर आलं. या क्रमवारीचा संबंध शिक्षणाशी, दळणवळणाशी आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या व्यवहारांशी दिसला. मला यातलं दळणवळण फार महत्त्वाचं वाटतं. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र असलेल्या वेन्झोऊला रेल्वे पोहोचली ती थेट १९९८ मध्ये. जिथला माणूस क्वचितच भेटतो, त्याच्याविषयी ऐकीव गोष्टच खरी ठरते. युरोपातही ग्विझो, सापिएन्झा आणि झिंगालेस या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं, की ज्या देशाच्या लोकांवर विश्वास कमी, त्या देशाशी व्यापार आणि तिथली गुंतवणूकही कमी.

मग वेन्झोऊचे लोक देशभर धंद्यात शिरले कसे? वेन्झोऊ झेजियांग प्रांतात येतं; बीजिंगच्या दक्षिणेला त्यांनी वसवलेली ‘झेजियांग गाव’ ही वस्ती याचं उत्तर देते. मूळचे वेन्झोऊचेच असलेले संशोधक शियांग बियाओ १९९२ पासून कित्येक वर्षं तिथे जात-येत राहिले. या लोकांकडे बीजिंगची कायम रहिवासी नोंदणी, म्हणजे हुकोऊ, नव्हती. म्हणून त्यांनी आपसातच बाजार उभा केला. एकाने कातडं आणायचं, दुसऱ्याने चेन आणि बटणं, तिसऱ्याच्या खोलीत जाकिटं शिवायची. हिशेब माल विकल्यावर. पैसा उभा राहायचा तो नातेवाइकांकडून आणि आपल्याकडच्या भिशीसारख्या मंडळांतून. कागद नाही, तारण नाही. बुडवणाऱ्याची बातमी गावात त्याच्या घरापर्यंत पोहोचणार, हीच हमी.

ही व्यवस्था मला थक्क करते, पण तिच्या मर्यादा सोसणाऱ्यांना फार महाग पडल्या. १९८६ च्या सुमाराला वेन्झोऊच्याच युएचिंग भागात अशी मंडळं साखळीने कोसळली आणि असंख्य घरांची पुंजी गेली. शिवाय गाववाले धंदा सुरू करून देतात, पण गिऱ्हाईक परकंच असतं. त्याचा विश्वास गाववाल्यांच्या शब्दावर मिळत नाही, त्यासाठी तपासणी लागते. १९९४ मध्ये वेन्झोऊ शहराने मालाच्या दर्जाबाबत नियम केले, आणि २००२ पासून ८ ऑगस्ट हाच दिवस तिथे ‘सचोटी दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला.

बीजिंगमधल्या वस्तीला मात्र असं काही संरक्षण नव्हतं. १९९५ च्या अखेरीस सरकारने तिथली मोठमोठी आवारं पाडली. काही महिन्यांत बरेच जण परतले आणि शिलाई पुन्हा सुरू झाली, त्याच उधारीवर, त्याच गाववाल्यांच्या भरवशावर.