फॅन्टम लिंब (आभासी अवयव)

हात किंवा पाय कापून काढल्यानंतरही तो जागेवरच आहे असे जाणवत राहणे, याला फॅन्टम लिंब म्हणतात. रेल्वे अपघात, मधुमेहातून झालेले गँगरीन, कर्करोग, युद्धातील जखम, कारण कोणतेही असो, अवयव गमावलेल्या बहुतेकांना ही जाणीव कमी-अधिक काळ होते. याला वेड किंवा मनाचे खेळ समजणे चूक आहे. पाय उरलेला नाही हे रुग्णाला पक्के ठाऊक असते, तरीही त्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते.

ही जाणीव बरीच तपशीलवार असते. नसलेल्या बोटातली अंगठी रुतते, मनगटावर घड्याळ असल्यासारखे वाटते. झोपेतून उठताना नसलेल्या पायावर भार टाकून पडण्याचा धोका तर अगदी खरा. काहींचा आभासी हात महिनोन्‌महिने आखूड होत जातो आणि शेवटी पंजा थेट खांद्याजवळच्या खुंटाला (कापल्यावर उरलेल्या भागाला) चिकटल्यासारखा वाटू लागतो. निम्म्याहून अधिक जणांना त्या जागी वेदनाही होतात: आग, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, पेटके. मूठ घट्ट आवळली गेली आहे, नखे तळव्यात रुतत आहेत आणि ती उघडता येत नाही, ही तक्रार विशेष आढळते. प्रत्यक्ष खुंटात दुखणे हा वेगळा प्रकार असून त्याचे उपचारही वेगळे आहेत. स्तन किंवा दात काढल्यावरही असा आभास होऊ शकतो.

फ्रेंच शल्यविशारद आंब्रोज पारे यांनी 16व्या शतकातच ही तक्रार नोंदवली होती. ‘फॅन्टम लिंब’ हे नाव रूढ केले ते अमेरिकी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी, 1871 मध्ये. अमेरिकी यादवी युद्धात हातपाय गमावलेले सैनिक त्यांनी फिलाडेल्फियात तपासले होते. त्याआधी 1866 मध्ये त्यांनी हा विषय एका निनावी कथेतून मांडला. चारही अवयव गमावलेल्या तिच्या नायकाला वाचक खरा समजले आणि काहींनी त्याच्यासाठी पैसेही पाठवले.

असे का घडते, यावर अजून एकमत नाही. जुने उत्तर खुंटापाशी थांबते. तुटलेल्या चेतातंतूंची टोके वाढून तिथे गाठ होते, तिला न्यूरोमा म्हणतात. ती मेंदूकडे संदेश पाठवत राहते आणि मेंदू ते हातातूनच आले असे धरून चालतो. पण जन्मतःच हात किंवा पाय नसलेल्या काही जणांनाही असा अवयव जाणवतो. तिथे तुटलेला तंतूच नाही. म्हणून कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी मांडले की शरीराचा आराखडा मेंदूच्या जाळ्यात मुळातच असतो.

दुसरे उत्तर मेंदूतील नकाशाचे. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेदरम्यान मेंदूच्या पृष्ठभागाला हलका विद्युतप्रवाह देऊन, कोणत्या भागात शरीराच्या कोणत्या भागाची संवेदना उमटते ते आखले. 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नकाशात हाताच्या शेजारी चेहरा येतो. हाताची संवेदना बंद झालेल्या माकडांमध्ये चेहऱ्याला स्पर्श केल्यावर मेंदूतील हाताचा भाग जागा होतो, असे 1991 मध्ये दिसले. त्यावरून मूळचे तमिळनाडूचे, सॅन दिएगोत संशोधन करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या रुग्णांच्या गालावर कापसाची काडी फिरवून पाहिली. काहींना तो स्पर्श नसलेल्या बोटांवरही जाणवला! शेजारच्या चेहऱ्याने हाताची रिकामी जागा व्यापली, असा त्यांचा निष्कर्ष होता. मेंदूच्या या बदलत्या रचनेला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात.

हे स्पष्टीकरण इतके सुटसुटीत आहे की लोकप्रिय लेखनात ते आजही शेवटचा शब्द म्हणून सांगितले जाते. तसे ते नाही. मेंदूशास्त्रज्ञ टामार माकिन यांच्या गटाला 2013 मध्ये आढळले की ज्यांना वेदना जास्त, त्यांच्या मेंदूत हाताचा भाग उलट जास्त शाबूत असतो. 2025 मध्ये त्यांच्या गटाने तिघांचा हात काढण्याआधीचा आणि नंतरचा मेंदू स्कॅन करून तुलना केली, तेव्हा नकाशा जवळपास जसाच्या तसा सापडला. तिघे म्हणजे फार थोडे, पण आधीचा स्कॅन हाताशी असणे हीच या विषयातली दुर्मीळ गोष्ट आहे.

रामचंद्रन यांची आरशाची युक्ती मात्र वापरात टिकली. आरसा मधोमध उभा धरून त्यात शाबूत हाताचे प्रतिबिंब पाहायचे आणि दोन्ही हात हलवत आहोत अशी कल्पना करायची. आवळलेली मूठ सुटल्यासारखी वाटते. पाय गमावलेल्या 22 जणांवर 2007 मध्ये झालेल्या चाचणीत उघडा आरसा, झाकलेला आरसा आणि नुसती कल्पना अशी तुलना केली गेली. चार आठवडे रोज 15 मिनिटे उघडा आरसा वापरून ज्यांनी चाचणी पूर्ण केली, त्या सर्वांच्या वेदना कमी झाल्या. नंतरच्या चाचण्यांचे निकाल इतके एकमुखी नाहीत, पण उपाय स्वस्त आहे आणि घरी करता येतो. याखेरीज चेतावेदनेवरची गॅबापेंटिनसारखी औषधे देतात. तुटलेला चेतातंतू जवळच्या स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूला जोडण्याची शस्त्रक्रियाही काही ठिकाणी होते.

कृत्रिम अवयव बसवल्यावर आभासी पाय त्यात ‘शिरल्यासारखा’ वाटणे अनेकांच्या पथ्यावर पडते, कारण टाकलेल्या पावलाचा अंदाज येतो. पुण्यात सैन्यदलांचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. अशा जाणिवा होतील हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवणे चांगले. नाहीतर लोक वेड्यात काढतील या भीतीने बरेच जण त्या घरच्यांपासूनही लपवतात.