दोन पायांवर तोललेला घोडा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात, व्हाइट हाउससमोरील लाफायेत चौकात, जनरल अँड्र्यू जॅक्सन यांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. डाव्या हाती लगाम खेचलेला आहे, उजव्या हाताने टोपी उंचावलेली आहे आणि घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आहे. पुढचे खूर हवेत असून त्यांच्याखाली खांब नाही, की कुठलाही आडोसा नाही. जॅक्सन यांनी जिंकलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईला ३८ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ८ जानेवारी १८५३ रोजी, त्याचे अनावरण झाले.

घोड्याचे दोन्ही पुढचे पाय उचललेले असतील तर स्वार रणांगणावर पडला, असे पुष्कळांनी ऐकलेले असते. जॅक्सन मात्र १८४५ साली आपल्या घरी वारले. या पायांचा अर्थ मृत्यूत शोधण्याऐवजी गुरुत्वमध्यात, म्हणजे वस्तूचे सारे वजन जिथे एकवटल्यासारखे असते त्या बिंदूत, शोधावा, असे मला वाटते.

कोणतीही वस्तू उभी राहण्यासाठी तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा तिच्या आधाराच्या क्षेत्रातच पडावी लागते. टेबलाच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून ती हळूहळू बाहेर सरकवावी; अर्ध्याहून अधिक भाग बाहेर गेला की ती कलंडते, पण आतल्या टोकावर दोन-चार नाणी ठेवली तर आणखी पुढे सरकवता येते. चार पायांच्या घोड्याला आधाराचे क्षेत्र ऐसपैस मिळते; मागच्या दोन पायांवर उभ्या घोड्याचे क्षेत्र मात्र दोन खुरांच्या अवतीभवतीच उरते, आणि मान, छाती व स्वार यांचे वजन त्याच्या पुढे जाण्याची भीती असते. सेंट पीटर्सबर्गमधील १७८२ सालच्या, रशियाचा सम्राट पीटर याच्या अश्वारूढ पुतळ्यात म्हणूनच शेपटी खालच्या सापाला टेकवून तिसरा आधार घेतला आहे.

जॅक्सन यांचा पुतळा घडवणारे, अमेरिकेतील चार्ल्स्टनमध्ये गिलाव्याचे काम केलेले शिल्पकार क्लार्क मिल्स यांनी असा आधार घेतला नाही. त्यांनी मागचे पाय पोटाखाली इतके पुढे घेतले की खूर थेट शरीराच्या मध्याखाली आले. त्यामुळे मानेचे आणि छातीचे वजन एका बाजूला, पुठ्ठा आणि शेपटीचे दुसऱ्या बाजूला, असा तोल साधला. हा प्रश्न केवळ चित्रावर सुटत नाही, कारण ओतकामात धातूच्या भिंतीची जाडी जराशी बदलली तरी गुरुत्वमध्य सरकतो.

याच घोड्याच्या प्रती पुढे १८५६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये आणि १८८० साली नॅशव्हिलमध्ये उभ्या राहिल्या. त्याही दोन पायांवरच.