सेकंद : तासाचा ‘दुसरा’ तुकडा

इंग्रजीत ‘सेकंड’ म्हणजे दुसरा, आणि घड्याळातला सेकंदही ‘सेकंड’च. हे दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे झाले असतील असं सहज वाटतं. पण शब्द एकच आहे. तासाची विभागणी दोनदा केली की दुसऱ्या खेपेला जो तुकडा हाती येतो, तो सेकंद.

मूळ लॅटिन क्रियापद ‘सेक्वी’, म्हणजे मागोमाग जाणं. त्यावरून ‘सेकुंडुस’, पहिल्याच्या मागून येणारा. ‘सीक्वेन्स’ आणि ‘सीक्वेल’ याच कुळातले. ‘सेकंड’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो १३००च्या सुमारास. त्याआधी इंग्रजीत ‘दुसरा’ या अर्थी ‘अदर’ वापरत. ‘एव्हरी अदर डे’, म्हणजे एक दिवसाआड, या प्रयोगात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. सभेत ठराव ‘सेकंड’ करणारा अनुमोदक आणि द्वंद्वयुद्धात लढणाऱ्याचा साथीदार असलेला ‘सेकंड’, हे दोघेही पाठीशी उभे राहणारेच.

वेळेचा अर्थ आला खगोलशास्त्रातून, आणि तोही आधी कोनासाठी. बाबिलोनी ज्योतिर्विद साठच्या पटीत गणित करत. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात तीच रीत चालवली : अंशाचे ६० भाग, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा ६०. लॅटिनमध्ये यांना ‘पार्स मिनुटा प्रिमा’ (पहिला बारीक भाग) आणि ‘पार्स मिनुटा सेकुंडा’ (दुसरा बारीक भाग) म्हणू लागले. इतकी लांब नावं रोज कोण घेणार? पहिल्यातला ‘मिनुटा’ उरला, दुसऱ्यातला ‘सेकुंडा’. मिनिट म्हणजे ‘बारीक’ आणि सेकंद म्हणजे ‘दुसरा’, अशी विजोड जोडी त्यातून तयार झाली. कोनाच्या या भागांना मराठीत कला आणि विकला म्हणतात.

विभागणी इथेच थांबली नव्हती. १२६७मध्ये इंग्रज विद्वान रॉजर बेकनने पौर्णिमांच्या वेळा तास, मिनिटं, सेकंद, त्याखाली ‘तिसरे’ आणि ‘चौथे’ भाग अशा दिल्या. हे सगळं गणितातच होतं, कारण त्या काळचं कोणतंही घड्याळ सेकंद दाखवू शकत नव्हतं. पुढे सेकंदाहून लहान काळ खरोखर मोजायची वेळ आली तेव्हा दशमान पद्धत रुळली होती. म्हणून सेकंदाखाली साठावा भाग येत नाही, एकदम दहावा, शंभरावा आणि मिलिसेकंद येतात.

सेकंद घड्याळात आणला तो लंबकाने. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६मध्ये लंबकाचं घड्याळ तयार केलं आणि दिवसाला पंधराएक मिनिटांची चूक पंधराएक सेकंदांवर आली. हा सेकंद घरीही पाहता येतो. बारीक, न ताणणाऱ्या दोऱ्याला लहान जड गोळा बांधा. टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर ९९.४ सेंटिमीटर ठेवा आणि गोळा बाजूला पाच अंशांहून कमी ओढून सोडा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला एक सेकंद लागतो.

चूक बहुधा लांबी मोजताना होते. गोळ्याच्या मध्याऐवजी माथ्यापर्यंत मोजलं, तर लंबक खरं म्हणजे जास्त लांब होतो आणि मागे पडतो. एका सेंटिमीटरचा फरकही दिवसाला सात मिनिटांहून जास्त भरतो. झोकाही मोठा नको. तीस अंशांवरून सोडलं तर प्रत्येक फेरीला सुमारे १.७ टक्के जास्त वेळ लागतो, म्हणजे मिनिटामागे एक सेकंद.

हाच लंबक सगळीकडे सारखा चालत नाही. १६७२मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. तिथे सेकंदाचा लंबक त्याला जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, शिवाय तिथे तिच्या फिरण्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो, म्हणून गुरुत्वाकर्षण थोडं कमी भरतं आणि लंबक मंद चालतो. तीन मिलिमीटरच्या फरकातून पृथ्वीच्या आकाराचा असा पुरावा मिळावा, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

तेव्हा सेकंद म्हणजे सरासरी दिवसाचा ८६,४००वा भाग होता. पण पृथ्वीची गती एकसारखी नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने ती दीर्घकाळात मंदावते आणि मध्येच थोडी कमीजास्तही होते. म्हणून १९६७मध्ये व्याख्याच बदलली. सीझियम-१३३ अणूच्या दोन ठरावीक ऊर्जापातळ्यांमधल्या बदलाशी जुळणाऱ्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. साठाने भागण्याशी या व्याख्येचा काही संबंध उरला नाही. नाव मात्र तेच राहिलं.

अणूचा सेकंद आणि पृथ्वीचा दिवस यांतली तफावत साठत जाते. ती मिटवायला १९७२पासून २७ वेळा लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घातला गेला. त्या क्षणी जागतिक वेळेत २३:५९:५९ नंतर २३:५९:६० येतात आणि मगच शून्य वाजतात. ६० हा आकडा अपेक्षित नसलेल्या संगणकप्रणाली तिथे अडखळतात. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ला घातला. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२मध्ये ठरवल्याप्रमाणे २०३५पर्यंत या तफावतीची मर्यादा वाढवली जाईल, म्हणजे असा सेकंद वरचेवर घालावा लागणार नाही.