लुप्त चर्चस्थलांचा शोध, जुन्या नकाशांवरून (कोकण)

लुप्त चर्चस्थलांचा शोध : पडलेल्या, पाडलेल्या किंवा रानात हरवलेल्या चर्चची व चॅपेलची (छोट्या प्रार्थनाघरांची) मूळ जागा जुने नकाशे, किल्ल्यांचे आराखडे, महसुली दप्तर आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे ठरवण्याची पद्धती. कोकण किनाऱ्यावर ती प्रामुख्याने वसई, साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे बेट), मुंबई, चौल-रेवदंडा आणि गोवा या पट्ट्यात उपयोगी पडते. पोर्तुगीज काळातील धर्मपीठे आणि जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे वेगवेगळे मठसंघ यांनी तेथे दाट बांधकाम केले होते. चर्चला गोमंतकात ‘इगर्ज’, चॅपेलला ‘कोपेल’ आणि क्रुसाला ‘खुरीस’ म्हणतात. गावात चौकशी करताना हे शब्द वापरावेत. नुसते ‘चर्च’ म्हटले की लोक आज उभे असलेले चर्च दाखवतात.

गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगिजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले. ही दोनशे वर्षे शोधाची चौकट आहेत, तरी सगळी चर्च युद्धातच पडली असे मात्र नाही. १६१८ च्या मे महिन्यातील वादळाने वसईत मोठी पडझड केली होती. गोव्यात १८३४-३५ मध्ये पुरुषांचे मठसंघ बंद झाले आणि रिकाम्या मठांचा दगड दुसरीकडे गेला. अंधेरीजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधले. १८४० मध्ये साथीमुळे वस्ती हलली आणि ते ओस पडले. आज त्याचे अवशेष सीप्झ या निर्यात उद्योगवसाहतीच्या कुंपणात उभे आहेत. प्रत्येक स्थळाचा लोप निराळा असतो, म्हणून पहिला प्रश्न ‘कुठे होते’ हा नसून ‘कसे गेले’ हा असावा. दगड जागीच पडला की वाहून नेला, यावर पुढे जमिनीत काय सापडेल ते अवलंबून असते.

या कामातला सर्वांत मोठा घोळ नावांचा आहे. कोकणात चर्चची नावे दगडांपेक्षा जास्त फिरली. मुंबईचे नोसा सेन्योरा (म्हणजे मरियामाता) द एस्पेरान्सा हे चर्च एस्प्लनेडवर, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर होते. इंग्रजांनी १७६० मध्ये ते पाडले आणि त्याच नावाचे नवे चर्च भुलेश्वरला उभे राहिले. माझगावचे ग्लोरिया चर्च १९११ मध्ये पाडले गेले, आणि ते नाव भायखळ्याच्या नव्या इमारतीला मिळाले. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ याच्या नेमके उलट आहे. जागा जुनीच, पण इमारत १९७० च्या दशकातली, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. म्हणून नावाचा माग आणि जागेचा माग हे दोन वेगळे धागे मानावेत आणि अखेरपर्यंत वेगळेच ठेवावेत. एकाच वहीत दोन्ही मिसळणाऱ्याला आजच्या भायखळ्यात सतराव्या शतकाचा पाया सापडल्याचा भास होतो.

वसईच्या किल्ल्यात हा घोळ आणखी सूक्ष्म होतो. तेथील जेझुइट चर्चला स्थानिक लोक गोन्सालो गार्सिया यांचे चर्च म्हणतात. गार्सिया वसईचे. १५९७ मध्ये नागासाकीला ते हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. जुन्या आराखड्यात ‘साओ गोन्सालो’ असे दिसले की मन आपोआप त्यांच्याकडे धावते. पण किल्ल्यातील डॉमिनिकनांचे चर्चही साओ गोन्सालोचे होते, आणि ते संत पोर्तुगालमधले. नकाशातले नाव आणि गावातले नाव अशा दोन वेगळ्या अवशेषांकडे बोट दाखवतात.

गावांच्या नावांतही असेच सापळे आहेत. पोर्तुगीज लेखनातले ‘माईं’ हे मुंबईचे माहीम असू शकते किंवा पालघरजवळचे केळवे-माहीम. ‘साल्सेत’ म्हणजे उत्तरेची साष्टी, तसाच मडगावभोवतालचा गोव्याचा साष्टी तालुकाही. ‘बांदोरा’ हे वांद्रे असेल किंवा फोंड्याकडचे बांदोडे. चौल दोन होती : वरचे चौल म्हणजे आजचे चौल गाव, आणि खालचे चौल म्हणजे तटबंदीतले रेवदंडा. बोरिवलीचे मंडपेश्वर जुन्या लेखनात ‘मोंपेझीर’ होऊन बसते आणि पहिल्या वाचनात ओळखूच येत नाही. तेथे फ्रान्सिस्कनांनी शैव लेण्यांचा वापर चर्चसाठी केला आणि वरच्या अंगाला मठ उभारला. आज लेण्यात पुन्हा शिवलिंगाची पूजा होते. एका जागेचे दोन-तीन थर असतात तेव्हा नोंदीत सगळे थर लिहावेत. एकच थर खरा ठरवण्याचा मोह आवरावा.

कधी चर्च राहते आणि त्याचे मराठी झालेले नाव गावाला चिकटते. वसईची ‘रमेदी’ ही नोसा सेन्योरा दोस रेमेदियुस या नावातून आली. मुंबईचे सांताक्रूझ हे उपनगरही पवित्र क्रुसाचेच नाव धरून आहे. अशी नावे नकाशाइतकीच मोलाची असतात.

नकाशांपैकी सर्वांत जुने काम समुद्रावरून पाहणाऱ्यांचे आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी दों जुआंव द कास्त्रो यांच्या १५३८-३९ च्या सागरी मार्गदर्शिकेत गोव्यापासून दीवपर्यंतच्या बंदरांची व खाड्यांची चित्रे आहेत. जमिनीवरच्या तपशिलासाठी १६३५ चा किल्ल्यांचा ग्रंथ महत्त्वाचा. त्याचा मजकूर आंतोनियो बोकारो यांचा आणि आराखडे पेद्रो बारेतो द रेझेंदे यांचे आहेत. त्याची एक प्रत पोर्तुगालमधील एव्होरा येथील ग्रंथालयात आहे. या आराखड्यांच्या पुढे नकला निघत राहिल्या, त्यामुळे तीन नकाशे एकच गोष्ट सांगत असले तरी ते तीन साक्षीदार असतीलच असे नाही. गोव्यासाठी डच प्रवासी लिन्सखोतेन यांचा १५९६ मध्ये छापलेला शहराचा नकाशा रस्ते आणि चर्च दाखवतो. मात्र ते स्वतः १५८८ पर्यंतच गोव्यात होते, म्हणून १६०२ साली पूर्ण झालेले सेंट ऑगस्टीनचे भव्य चर्च त्यात शोधू नये. मुंबईपुरते डिकिन्सन यांचे १८१२-१६ चे आणि लॉटन यांचे १८६५-७२ चे सर्वेक्षण काटेकोर मोजणीचे आहे.

जुन्या आराखड्यातले चर्च ही खूण असते, मोजमाप नव्हे. त्रिकोणी दर्शनी भिंत आणि वर क्रूस काढला की चित्रकाराचे काम झाले. शेजारच्या घरांपेक्षा ते मोठे दिसते, कारण ते महत्त्वाचे होते. उत्तर दिशा वरच असेल असेही नाही, कित्येकदा समुद्राची बाजू खाली घेतलेली असते. त्यामुळे असा आराखडा आजच्या उपग्रहचित्रावर बसवण्याआधी दोन्हींत टिकून राहिलेले बिंदू शोधावे लागतात. वसईत तटबंदी, तिचे दहा बुरूज, समुद्राकडचा व जमिनीकडचा दरवाजा हे सगळे जागेवर आहे, म्हणून तेथे जुळवणी चांगली होते. रेवदंड्यातही तट आणि फ्रान्सिस्कनांचा सातखणी मनोरा आधार देतात. बाकीचे अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये शिरलेले आहेत आणि माडांच्या सावलीमुळे वरून काढलेल्या छायाचित्रात दिसत नाहीत. साष्टीच्या उघड्या गावांत बुरूज नाहीत. तेथे तळी, टेकड्या आणि ओढ्याची वळणे धरावीत. किनारा मात्र कधीच धरू नये, कारण भराव, मिठागरे आणि खारफुटी यांनी तो पार बदलून टाकला आहे. जुळवणीनंतर नकाशावर बिंदू न टाकता चुकीच्या शक्यतेएवढे वर्तुळ काढावे, ते प्रामाणिकपणाचे आहे.

हे वर्तुळ लहान करते ते महसुली दप्तर. याकडे अभ्यासक कमी वळतात याची खंत वाटते, कारण मोजणीदार ३३ फुटी साखळी घेऊन प्रत्येक बांधावरून चालले होते. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. गावनकाशात एखादा तुकडा आजूबाजूच्या शेतांशी न जुळणारा, लांबट आणि काटकोनी दिसला, सातबाऱ्यावर तो पोटखराब्यात (लागवडीलायक नसलेल्या जमिनीत) असला आणि त्याला क्रुसाचे किंवा पाद्रीचे नाव असले, तर थांबून पाहावे. सोबत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे (१८८२) व कुलाबा म्हणजे आजचा रायगड (१८८३) हे खंड आणि गेर्सन द कुन्या यांचा चौल-वसईवरील १८७६ चा ग्रंथ ठेवावा. तेव्हा उभ्या असलेल्या कित्येक भिंतींची वर्णने त्यांत आहेत.

प्रत्यक्ष पाहणी उन्हाळ्यात करावी, पावसाळ्यात गवत सगळे झाकते. जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा चुन्यातला जाड पाया, पायरीला किंवा विहिरीच्या काठाला लागलेली पोर्तुगीज अक्षरांची कबरीची फरशी, निळ्या नक्षीच्या चिनी भांड्यांच्या खापऱ्या, असे काही दिसले तर ते हलवू नये. फोटो काढून जागेची नोंद करावी. वसई व रेवदंड्याचे किल्ले संरक्षित आहेत आणि परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे. गुप्तधनाच्या आशेने फरशा उचकटणाऱ्यांना कबरींचे नेमके अक्षांश-रेखांश मिळू नयेत, म्हणून ते जाहीर न करणेच बरे.

घंटा हा पुरावा मात्र उलटा वाचावा लागतो. मराठ्यांनी नेलेल्या चर्चघंटा आजही देवळांत आहेत : मेणवलीला १७०७ ची, नाशिकच्या नारोशंकर देवळावर १७२१ ची, भीमाशंकरला १७२९ ची. वरचे साल ओतकामाचे असते. त्यावरून ती घंटा त्या वर्षाआधी कुठल्याच चर्चवर नव्हती एवढेच निश्चित होते, आणि नकाशावरच्या त्यानंतर चालू असलेल्या चर्चशी ते ताडून पाहता येते.

लिखित वर्णनावरून जागा शोधल्याचे सर्वांत नेमके उदाहरण जुन्या गोव्यातले आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या हुकुमाने ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्रींनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. मठाच्या सभागृह-चॅपेलात (मठवासीयांच्या बैठकीच्या चॅपेलात) एपिस्टलच्या बाजूला, दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत तो ठेवल्याचे पोर्तुगीज कागदांत लिहिलेले होते. एपिस्टलची बाजू म्हणजे वेदीकडे तोंड केल्यास उजवी. पण मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला आणि ढिगाऱ्यात ते चॅपेल कोणते हेच कळेना. जॉर्जियाहून आलेल्या पथकांनीही शोध घेतला होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मठाच्या खोल्यांची मांडणी उलगडल्यावर २००४ मध्ये त्या खिडकीपाशी अस्थी मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र संस्थेतील डीएनए तपासणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात भारतात न आढळणारा मातृवंश दिसला. २०२१ च्या जुलैमध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. मठाचा अर्धा मनोरा अजून उभा आहे, आणि ते चॅपेल आता आराखड्यावर नाव घालून दाखवता येते.